टक्का हाताचा, प्रश्न पोटाचा

१९६८ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. एका सिनेमागृहात नक्षीकाम करत असलेला सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. भरपाईचा दावा उभा राहिला तेव्हा मालकाचे म्हणणे असे होते की, गेला तो एकच हात. दुसरा शाबूत आहे, म्हणजे माणूस पुरता निकामी झालेला नाही. कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताचे जेवढे टक्के लिहिलेत, तेवढे घ्यावेत आणि विषय मिटवावा. कामगार भरपाई आयुक्तांना ते पटले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा या माणसाची कमाई शंभर टक्के बुडाली, असा निर्णय त्यांनी दिला. मालक भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने आयुक्तांचाच निर्णय कायम केला.

पुढे २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका खटल्यात याच न्यायालयाने हा मुद्दा आणखी फोड करून सांगितला. डावा हात गेला तर डॉक्टर साधारण साठ टक्के लिहितील. पण ज्याचा गेला तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ सगळीच गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल, तर नोकरी टिकेल आणि पगारही चालू राहील. शरीराच्या हानीचे टक्के आणि कमाईच्या हानीचे टक्के यांचा हिशेब वेगवेगळा करायचा, आणि कमाईचा करायचा तर तो माणूस पोटासाठी काय करत होता हे आधी विचारायचे.

तहसील कार्यालयातल्या संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तिथे दोन कागदांना किंमत आहे. एक सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाने दिलेले टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि दुसरा उत्पन्नाचा दाखला. चाळीस टक्के असतील तर अर्ज पुढे सरकतो, एकोणचाळीस असतील तर परत येतो. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी तर ऐंशी टक्के लागतात आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असावे लागते. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रालाही आता रंग आहेत: चाळीस टक्क्यांच्या आत पांढरा, चाळीस ते ऐंशी पिवळा, त्यापुढे निळा. माणूस हमाल होता की शिक्षक, गवंडी होता की दुकानदार, हे त्या कार्डावर कुठेच उमटत नाही.

ऊसतोडीचे उदाहरण घ्यावे. बीड-नगरकडून दरवर्षी लाखो माणसे कारखान्यांच्या फडात उतरतात. तिथे मजूर मोजायचे माप 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीला. आता नवऱ्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला असे समजा. कामगार भरपाईच्या परिशिष्टात अंगठ्याचे तीस टक्के आहेत, आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या मोजमापातही निव्वळ अंगठ्यावर चाळिशी गाठणे अवघड. पण अंगठ्याशिवाय कोयता धरता येत नाही. उचल त्याची एकट्याची जात नाही. बायको धडधाकट असूनही तिचा कोयता अर्धा होतो. तीस टक्क्यांच्या या माणसाच्या घरातली सबंध हंगामाची कमाई धोक्यात येते, आणि सरकारच्या हिशेबी तो निराधारही नाही की दिव्यांगही नाही. उलट बाजूने पाहिले तर ऐंशी टक्के दृष्टिदोष असलेला बँक अधिकारी स्क्रीन रीडरवर उत्तम काम करतो आणि त्याला निवृत्तिवेतनाची गरज नसते. टक्का दोघांबद्दलही काहीतरी सांगतो, पण महत्त्वाचे ते सांगत नाही.

मोजता येत नाही म्हणून मोजत नाही, असेही म्हणायची सोय नाही. मानसिक आजारामुळे येणारे दिव्यांगत्व भारतात 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीने ठरवतात. तिच्यात स्वतःची काळजी, लोकांशी वागणूक, संवाद यांच्याबरोबर 'काम' हा स्वतंत्र रकाना आहे. माणूस काम करू शकतो का, किती करू शकतो, हे डॉक्टर विचारतात आणि त्याला गुण देतात. म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाबाबत जे सरकारी यंत्रणेला विचारता येते, ते सांधा किती अंशात वळतो आणि स्नायूत किती जोर उरला आहे हे मोजताना विचारायचे राहून जाते.

प्रमाणपत्र मिळवणे हाही एक खटाटोप आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ मधल्या ७६ व्या फेरीत असे आढळले की, देशातल्या दिव्यांगांपैकी फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, थॅलेसेमिया आणि पार्किन्सनपासून अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांपर्यंत सगळे आत घेतले. तपासणारे हात मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. बोर्ड जिल्ह्याला बसते, ठरावीक वारी बसते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिथवर न्यायचे तर गाडीभाडे आणि सोबतच्याचा दिवसाचा खाडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून ओळखपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली.

एवढे करून पदरात पडते काय, हेही पाहू.

केंद्राच्या योजनेत महिना ३०० रुपये मिळतात. २०१२ मध्ये दोनशेचे तीनशे झाले ते आजतागायत तीनशेच. संसदेच्या ग्रामविकास विषयक स्थायी समितीने ही रक्कम वाढवा म्हणून अनेकदा लिहिले, ती कागदपत्रे दिल्लीत जपून ठेवलेली असणार. बाकीचा भार राज्यांवर. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली. तिचे अनुदान २०१९ मध्ये सहाशेवरून हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार. गावात याला अनुदान म्हणत नाहीत, 'निराधारचा पगार' म्हणतात, आणि तो दोन-तीन महिने थकला की पोस्टाच्या आणि बँकेच्या पायऱ्यांवर चर्चा दुसरी नसते.

मग जून २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला उपोषण केले. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर त्यांची एक मागणी दिव्यांगांना महिना सहा हजार रुपये द्या अशी होती. ३ सप्टेंबरला मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांच्या अनुदानात हजार रुपयांची वाढ केली आणि ऑक्टोबरपासून रक्कम अडीच हजार झाली. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजना मिळून सुमारे पावणेपाच लाख दिव्यांगांना तिचा लाभ होतो, आणि या वाढीव हजाराचा वर्षाचा खर्च ५७० कोटी. वाढ स्वागतार्हच आहे. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले होते, हा आकडा शेजारी मांडला की ५७० कोटींसाठी उपोषणाची वाट का पाहावी लागली, असा प्रश्न कोणालाही पडेल.

लाडकी बहीण योजनेवर टीका करण्याचा इथे उद्देश नाही. लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे म्हणावे असे पैसे आले. पण दोन्ही योजनांच्या अटी एकाखाली एक लिहून वाचाव्यात. लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. निराधार योजनेत दिव्यांगासाठी ती पन्नास हजार, आणि इतर निराधारांसाठी एकवीस हजार. त्यामुळे घरचे उत्पन्न दोन लाख असेल, तर त्या घरातल्या अंध बाईला सरकार बहीण म्हणून दीड हजार देऊ शकते, दिव्यांग म्हणून काही देत नाही. तिच्या अंध भावाच्या वाट्याला तर दोन्हीकडे काहीच नाही. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २४ म्हणते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. जुलै २०२४ पासून पुढचे सव्वा वर्ष राज्यातली लाडकी बहीण आणि राज्यातला दिव्यांग दोघांनाही दीड हजारच मिळत होते.

खरी मेख या पन्नास हजारांत आहे. अनुदान वाढले, त्याच्या बातम्या झाल्या, आभाराचे फलक लागले. उत्पन्नाची मर्यादा जिथल्या तिथे राहिली. पन्नास हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये, तेही सगळ्या कुटुंबाचे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर रोजी ३१२ रुपये होता. घरातला एकच माणूस या दराने वर्षात १६१ दिवस कामाला गेला की पन्नास हजार ओलांडतात. म्हणजे पाठीच्या कण्याला मार बसून खाटेवर पडलेल्या माणसाची बायको वर्षातले निम्मे दिवससुद्धा मजुरीला गेली नाही, तरच त्या घराला 'निराधार' म्हणता येते. शहरातल्या प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी याच राज्यात उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार आहे. सरकारच्या एका खिडकीवर गरीब असलेला माणूस दुसऱ्या खिडकीवर सुखवस्तू ठरतो.

या अटीचे परिणाम गावोगाव दिसतात. उत्पन्नाचा दाखला पन्नास हजारांच्या आत बसवावा लागतो, तो तसा बसवलाही जातो, आणि कसा ते तलाठ्यापासून सेतूतल्या ऑपरेटरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. म्हातारे आईबाप आणि दिव्यांग मुलगा यांचे रेशनकार्ड कमावत्या भावापासून वेगळे काढतात, चूल एकच असते. प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला लावणारी ही अट आहे, आणि जो खोटे बोलत नाही तो बाहेर राहतो. त्याहून वाईट म्हणजे, तिशी ओलांडलेला माणूस भावाच्या पगाराला बांधला जातो. भाऊ जेवू घालतो हे गृहीत धरून सरकार मोकळे होते. भावाचे लग्न झाले, वहिनी आली, मुले झाली की त्या ताटाचे काय होते, हे मराठी घरांना समजावून सांगायची गरज नाही.

ज्यांचा कामाशी करार होता त्यांच्यासाठी देशाने फार पूर्वी वेगळी वाट काढली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगाराला कामावर इजा होऊन कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळत राहते, आणि अंशतः आले तर कमाईची क्षमता किती घटली त्यावर ती ठरते. पण त्यासाठी नोंदणी असलेला कारखाना किंवा आस्थापना हवी, वेतन २१ हजारांच्या आत हवे, इजा कामातली हवी. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख, एकदाच. मळणी यंत्रात हात गेलेल्या तरुणाला पुढची चाळीस वर्षे काढायची असतात. ज्याला पोलिओ झाला, ज्याचे मूत्रपिंड गेले, ज्याचा मेंदूचा झटका कुठल्याच अपघाताच्या व्याख्येत बसत नाही, त्याच्यासाठी भरपाई मागायला समोर कोणी मालक नसतो. त्यांचे सगळे ओझे त्या निराधारच्या पगारावर येऊन पडते.

इथे एक आक्षेप हमखास येतो: बोगस दिव्यांगांचे काय? आक्षेप खोटा नाही. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून महाराष्ट्र ढवळून निघाला. पुढच्या वर्षी राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे तपासायला घेतली. पण बोगस प्रमाणपत्र काढणारा ते कशासाठी काढतो? नोकरीतल्या चार टक्के आरक्षणासाठी, सोयीच्या बदलीसाठी, प्राप्तिकराच्या सवलतीसाठी. अडीच हजारांसाठी सिव्हिलला खेटे घालणाऱ्यांची जात वेगळी आहे. संशयाची झळ मात्र त्यांनाच आधी लागते, कारण दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला त्यांना यावे लागते, अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत म्हणून त्यांचे पैसे अडतात.

आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून दिव्यांगांचे निवृत्तिवेतन तीन हजारांवरून सहा हजार केले, आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांना पंधरा हजार दिले. रकमेत अशी पायरी केली हे शहाणपणाचे होते. ज्याला अंघोळ घालायलाही माणूस लागतो त्याचा खर्च वेगळाच असतो. पण रक्कम वाढताच फेरतपासणी आली, २०२५ मध्ये हजारो लोकांना नोटिसा गेल्या आणि रस्त्यावर निदर्शने झाली. मदत सन्मानजनक करायची तर तपासणीही तितकीच सक्षम लागते, आणि ती आधी उभी करावी लागते.

तपासणी कशी असू नये, हे ब्रिटनकडून शिकावे. तिथे २००८ पासून 'माणूस काम करू शकतो का' हेच विचारतात. प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायचे काम त्यांनी खाजगी कंपनीला दिले, आणि कंपनीने हात वर करता येतो का, बटण दाबता येते का, दोनशे मीटर जाता येते का, अशा रकान्यांत गुण भरले. पंधरा गुण झाले नाहीत की माणूस कामाला लायक. अपिलांचा ढीग लागला, 'अटोस' या कंपनीला कंत्राट मुदतीआधी सोडावे लागले. केन लोच यांचा 'आय, डॅनियल ब्लेक' हा चित्रपट याच यंत्रणेवर आहे. २०१६ मध्ये त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातला नायकही सुतारच आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, डॉक्टर काम करू नकोस म्हणतात, आणि सरकारी गुणपत्रिका म्हणते, कर.

तेव्हा आपल्या टक्क्यांच्या जागी तिकडची गुणपत्रिका आणून भागणार नाही. सुरुवातीला सांगितलेल्या सुताराच्या खटल्यात आयुक्तांनी जे केले ते कुठल्या तक्त्यात भरता येत नाही: माणसाचा धंदा पाहिला, हात पाहिला, आणि निर्णय दिला. तालुक्याच्या पातळीवर हे करता येणे अशक्य नाही. निराधार योजनेची तालुका समिती आजही आहे, तहसीलदार तिचा सदस्य सचिव असतो. तिथे पालकमंत्र्यांच्या शिफारशीचे कार्यकर्ते बसतात, त्याऐवजी एक डॉक्टर, एक समाजसेवक आणि दिव्यांगांचा एक प्रतिनिधी बसवला, आणि चाळीस टक्क्यांच्या आतल्या माणसालाही धंदा गेल्याचे दाखवून अर्ज करता आला, तर त्या ऊसतोड मजुराला निदान आपले म्हणणे मांडायला जागा मिळेल.

दिव्यांग हक्क कायद्यात तर याहून बरेच लिहिलेले आहे. कलम २४ मध्येच, विशेष रोजगार विनिमय केंद्रात दोन वर्षे नाव नोंदवूनही काम न मिळालेल्या दिव्यांगाला बेकारभत्ता द्यावा असे म्हटले आहे. ज्याला सतत आधार लागतो त्याची काळजी घेणाऱ्यासाठी भत्ताही त्यात आहे. केरळ आपल्या 'आश्वासकिरणम' योजनेतून अशा काळजीवाहकांना महिना सहाशे रुपये देतो. थोडेच आहेत, पण घरातली कोणीतरी बाई आपली मजुरी सोडून बसली आहे एवढे तरी त्यातून मान्य होते. महाराष्ट्रात ती बाई हिशेबातच नाही. ती कामाला गेली तर उत्पन्नाची मर्यादा ओलांडते, न गेली तर घर अडीच हजारांवर चालवते. याच कलमाच्या सुरुवातीला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेत आणि सगळी सरकारे त्यांच्या आडोशाला उभी राहतात. छत्तीस हजार कोटींची योजना चालवणाऱ्या राज्याने तरी तो आडोसा घेऊ नये.

अडचण पैशांपेक्षा कारभाराची जास्त आहे. प्रमाणपत्र आरोग्य विभागाचा जिल्हा शल्यचिकित्सक देतो, योजना सामाजिक न्याय विभागाची, अर्ज महसूल विभागाचा तहसीलदार घेतो, आणि दिव्यांगांसाठी डिसेंबर २०२२ पासून वेगळा विभागही आहे. उत्पन्नाची मर्यादा कोणी बदलायची हे एकमेकांकडे बोट दाखवण्यात ठरत नाही. ती पन्नास हजारांवरून लाडक्या बहिणीइतकी अडीच लाख करायला, किंवा प्रौढ दिव्यांगाचे फक्त स्वतःचे उत्पन्न धरायला, विधिमंडळात कायदा आणावा लागत नाही. सप्टेंबर २०२५ मधली वाढ मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत झाली आणि पुढच्या महिन्यात लागू झाली. मर्यादेचा निर्णयही तितक्याच दिवसांत निघू शकतो.